उसाच्या पानामागचं पाखरू

आबा,

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला विहारात पाच-सहा जण बोलले. कोणी म्हणालं कष्टाळू, कोणी म्हणालं शिस्तीचे. एकानं तर, तुम्ही आयुष्यात कुणाशी कधी वाद घातला नाही, असंही ठोकून दिलं. मी पुढेच बसले होते, आणि मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मान खाली घातली. मागच्या बायकांना वाटलं, सून रडतेय. वीस वर्षं ज्या माणसानं माझ्याशी एका पाखरावरून वाद घातला, तो म्हणे वाद घालत नव्हता!

त्या पाखराचं नाव मात्र एकानंही काढलं नाही. कुणाला माहीत असणार? नखाएवढा राखेच्या रंगाचा पतंग. उसाच्या पानावर बसला तर वाळका डाग वाटावा. सगळी मजा त्याच्या अळीत. बाकी पतंगांच्या अळ्या पानं खातात, खोड पोखरतात. ही शिकार करते. उसाच्या पानामागे पांढरा लोकरी मावा साचतो ना, तो खाऊन ती जगते, आणि उसाच्या पानाला तोंडही लावत नाही. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. ते मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव? हाक मारेस्तोवर उडून जाईन की ते."

मला तुमच्याशी तिच्याबद्दलच बोलायचं आहे, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आधीच सांगून टाकते, नाहीतर मी गप्पांत गुंगून ती टाळीन. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "पानं उलटून पाह्यली का? अळी आली का आपल्या उसात?" मी म्हणाले, "पाहिली आबा. एकही नाही." मग म्हणालात, "मंग मारा फवारा. उगं माझ्यापायी ऊस घालवू नका."

मी पानं उलटली नव्हती, आबा. मी शेतात गेलेच नव्हते.

शाळा, दवाखाना, बस, स्वयंपाक, हे सगळं होतंच. पण ते कारण नव्हतं. मला फवारणी हवी होती आणि वीस वर्षांचा वाद एकदाचा जिंकायचा होता. तुम्ही घरी याल, बरे व्हाल, मग मला चार शब्द सुनवाल, असं मी गृहीत धरलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. आता तुमच्या मुलानं, संजयनं, शुक्रवारी ड्रोनवाला बोलावला आहे. आज बुधवार. घरात सगळे म्हणताहेत, आबांनीच सांगितलं होतं फवारा म्हणून. आणि तुम्ही ते कशावरून सांगितलंत, ते फक्त मला माहीत आहे.

तुमची-माझी पहिली भेट आठवते? तुम्ही लोक मला पाहायला केदारखेड्याला आला होतात. पोहे झाले, चहा झाला, मला विचारायचे ते प्रश्न विचारून झाले, आणि मुलाचे वडीलच गायब. दादा, माझे वडील, घाबरले. पाहुण्यांचा मान कुठं चुकला, म्हणून माझ्या आईकडे बघायला लागले. मग कुणीतरी बातमी आणली की पाहुणे शेजारच्या उसात शिरलेत. दादा धावत गेले तर तुम्ही पाहायला यायच्या खास काळ्या कोटात, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या लोकरीनं माखून, एकेक पान उलटत उभे. दादांना पाहताच म्हणालात, "पाव्हणं, तुमच्या गावात लई मोठी चीज हाय!"

दादांना वाटलं, मुलगी पसंत पडली.

ते लोकरी माव्याचं पहिलं साल होतं. त्याआधी तो कुणी पाहिलाच नव्हता. पानामागे कापूस चिकटवल्यासारखा थर, त्यातून खालच्या पानावर चिकट रस ठिबकतो, त्या रसावर काळी बुरशी चढते आणि उभा ऊस काजळून जातो. उसातून गेलं की माणूस पिंजाऱ्याच्या दुकानातून आल्यासारखा बाहेर पडतो. आपल्या अंबडकडचा सगळा पट्टा हादरला होता आणि जो तो पंप पाठीला लावून फिरत होता. केदारखेड्याच्या त्या एका तुकड्यात मात्र कुणी औषध मारलेलं नव्हतं, तरी मावा सरत चालला होता. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही मुलगी बघायला आलात आणि ते बघून गेलात.

लग्नाला दोन महिने झाले असतील. "व्याह्यांला भेटून येतो," म्हणून तुम्ही भोकरदनच्या गाडीला बसलात आणि परत येताना ओलं पोतं घेऊन आलात. एसटीतला प्रसंग तुम्ही पुढे किती वेळा सांगितला, तरी मला पुन्हा सांगावासा वाटतो. कंडक्टर म्हणाला, "काय हाय पोत्यात?" तुम्ही म्हणालात, "उसाचे वाडे." तो म्हणाला, "जनावराचा चारा एसटीत चालत न्हाई, उतरा." तुम्ही म्हणालात, "चारा न्हाई हो, आतमंदी अळ्या हायत." "मंग तं पहिले उतरा!"

कसेबसे समजावून तुम्ही घरी पोचलात, पोतं ओसरीवर टेकवलंत आणि तसेच शेताकडे गेलात. आता माझी बाजू ऐका. नवी नवरी, माहेराहून आलेलं पोतं. शेंगा असतील, तूरडाळ असेल, आईनं दोन पापड घातले असतील, म्हणून मी अधीर होऊन तोंड सोडलं, तर आत कोमेजलेली पानं. पानांना जाळी, जाळीत अळ्या. मला घाम फुटला. माझ्या माहेरानं सासरच्या म्हशीला किडका चारा पाठवला! सासूबाई कधीही विहिरीवरून आल्या असत्या. माहेरची अब्रू वाचवायची म्हणून मी ते सगळं पोतं म्हशीपुढे रिकामं केलं. प्राणिशास्त्रात पदवी घेतलेली मुलगी मी. अळी कसली आहे, एवढं वाकून बघायचंही मला सुचलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा म्हैस शेवटचं पान चघळत होती. तुम्ही पोत्याकडे पाहिलंत, म्हशीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. माझं तोंड बघून तुम्हाला सगळं कळलं असावं. सासूबाई आल्यावर तुम्ही म्हणालात, "दावं तोडलं तिनं. सकाळच्या गाडीनं पुन्हा जातो." बस, एवढंच. आजही गावात तो किस्सा निघतो तेव्हा म्हशीचंच नाव घेतात. बिचारी म्हैस आयुष्यभर माझा आळ वाहून मेली. मी कधी खरं सांगितलं नाही, आणि तुमचे आभारही मानले नाहीत. आता मानते आहे, आबा. सासरी पहिल्यांदा मला कुणी पाठीशी घातलं असेल तर ते तुम्ही.

दुसरं पोतं आलं तेव्हा मला शेतात घेऊन गेलात. अळी असलेल्या पानाचा वीतभर तुकडा कापायचा आणि मावा लागलेल्या पानाच्या पाठीवर बाभळीच्या काट्यानं टोचून ठेवायचा, हे तुम्हीच शोधून काढलेलं. "इरजण लावून राह्यलो," असं म्हणायचात. कुणी विचारलं की तसंच सांगायचं, आणि ज्याला हवं त्याला पान द्यायचं. विरजण मागितलं तर नाही म्हणत नाहीत, हा तुमचा नियम. शेजारच्या बळीरामतात्यांशी बांधावरून बोलणं बंद होतं तरी त्यांच्या उसात तुम्ही पानं टोचून आलात. ते रागावले तेव्हा म्हणालात, "अळीला बांध कळत न्हाई, तात्या."

चार अळ्या तुम्ही कंदिलाच्या काचेत ठेवल्या, दोन्ही तोंडांना मलमल बांधून. बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या कोनाड्यात ती काच महिनाभर होती. घरातलं काम आटोपलं की आपण दोघं तिच्यासमोर बसायचो. सासूबाई म्हणायच्या, लोकांच्या घरी टीव्ही असतो, आमच्या घरी अळी. ती अळी आधी बारीक जाळी विणायची, मग त्या आडोशानं माव्याच्या घोळक्यात सरकायची. मावा रस पीत निवांत बसलेला, शेजारचा भाऊ गेला तरी याला पत्ता नाही. एक संपवला की दुसरा. अंगावर त्याचीच लोकर, आजूबाजूला त्याचीच सालटं. तुम्ही म्हणालात, "गादीवर बसून गादीवाल्यालाच खाऊन राह्यली की ही!" मी पुस्तकात किती प्राणी शिकले होते, पण पाहिला होता तो हा पहिला.

मग अळीनं कोश केला, कोशातून पाखरू निघालं, आणि तुमचे प्रश्न सुरू झाले. हे आता काय खातं? मी म्हणाले, अळीनं खायचं ते खाल्लं, पतंगाला फारसं लागत नसावं. "नसावं म्हंजी? तुमाला म्हाईत न्हाई का?" नव्हतं माहीत. तुम्ही गुळाचं पाणी कापसावर ठेवलंत. ते त्यावर बसलं खरं, पण प्यायलं की नुसतं बसलं, यावर आपलं दोन दिवस एकमत झालं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ते मेलं. "सोडायला पाह्यजे व्हतं," असं तुम्ही त्या दिवशी जेवताना म्हणालात.

तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच होता. मावा संपला की हे जातं कुठं? पुढच्या साली मावा आला की ह्याला सांगतं कोण? मी म्हणाले, बघून सांगते. वीस वर्षांत तुम्ही दर हिवाळ्यात आठवण केलीत, "मास्तरीणबाई, सापडलं का तुमच्या पुस्तकात?" मी शोधलं. कुणी म्हणतं दुसऱ्या गवतांवरच्या माव्यावर राहतं, कुणी म्हणतं उसातच कुठंतरी थोडं उरतं. मला पटेल असं उत्तर मिळालं नाही. तुम्ही स्वतः बांधावरचं गवत उलटून बघायचात. एकदा डोळ्यात कुसळ घालून घेतलंत, तरी सोडलं नाही.

माझ्या शाळेत तुम्ही आलात, तो दिवसही मला लाजवून गेला होता. फळ्यावर मी दोन रकाने आखले होते, शत्रुकीटक आणि मित्रकीटक. तुम्ही काच घेऊन मुलांसमोर उभे राहिलात आणि फळ्याकडे पाहून म्हणालात, "लेकरांनो, ही तुमची मैत्रीण बिलकुल न्हाई. हिला भूक लागलीय. उद्या मावा संपला तं ही तुमाला वळखीन सुद्धा न्हाई. तुमी फक्त तिच्या ताटात औषध शिंपडू नका." मुलं खूष झाली आणि माझा धडा कोसळला. घरी येताना मी तुमच्याशी भांडले. मित्र म्हटलं तर मुलांना पटकन समजतं, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "समजतं, पर खोटं समजतं." अजूनही मी ते रकाने आखते, पण आखल्यावर तुमचं भुकेचं वाक्य सांगते. मुलांना धडा आठवत नाही, ते वाक्य आठवतं.

तुमचंच सगळं बरोबर होतं असं मात्र मी लिहिणार नाही. तुम्ही गेलात म्हणून वाद सोडून देईन असं समजू नका. मधल्या एका साली तुम्ही वाट बघत बसलात आणि अळी आली ती फार उशिरा. नाल्याकडचा ऊस काजळून गेला. संजय चिडला, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वाट बघणं म्हणजे शेती नव्हे, आबा." तुम्ही दोन दिवस शेतातच भाकरी मागवलीत. त्या वेळी मी जिंकले होते, आणि मला बिलकुल बरं वाटलं नव्हतं. तरीही माझं म्हणणं तेच आहे. अळी येईल याची हमी कुणी देत नाही. तुम्ही म्हणायचात, "हमी न्हाई म्हणूनच तं पान उलटायचं." मी ते कधी मनावर घेतलं नाही. मला वाटायचं, तुम्ही वाट बघायला सांगता. तुम्ही तर बघायला सांगत होतात.

यंदा आभाळ महिनाभर उतरलेलं आहे, आणि मावा पुन्हा आला आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी ड्रोननं फवारून घेतलं. बळीरामतात्या काल येऊन म्हणाले, "सुनबाई, आबा व्हते तवर ठीक व्हतं. आता जल्दी उरका, न्हाईतर तुमच्या उसातून मावा माझ्याकडं येईन." त्यांचं चूक नाही.

हे एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज गुरुवार. सकाळी शाळेत रजा कळवली, शाळेतलं भिंग घेतलं आणि उसात गेले.

आबा, मला मनातून वाटत होतं की अळी सापडू नये. सापडली नाही तर मी दवाखान्यात खरंच बोलले होते, असं होईल. पाहिलं नसलं तरी खरं. बांधाकडच्या दोन ओळी झाल्या, नुसता मावा आणि मुंगळे. तिसरी, चौथी, तेच. केस पांढरे झाले, हातांना चिकटा लागला. मला हलकं वाटायला लागलं होतं, लाज वाटते सांगायला. पाचव्या ओळीत, पाटाच्या बाजूला, एका पानामागे लोकर विस्कटलेली दिसली. बाकी पानांवर थर कसा सारखा असतो. इथे मधेच कुणी बोटानं ढवळल्यासारखा. भिंग धरलं. बारीक जाळी होती. जाळीत सालटं होती. आणि त्या सालटांखाली काहीतरी हललं.

तीच. मळकट हिरवी, तपकिरी डोक्याची. मी श्वास धरून बघत राहिले. तिनं एक मावा धरला, संपवला, थांबली, पुढे सरकली. पुढच्या पानावर आणखी एक होती, त्यापुढच्यावर दोन. मग मला एक कोश दिसला. मी काडीनं हळूच टोकरला, तर तो रिकामा होता.

मी तिथेच चिखलात बसले. रिकामा कोश म्हणजे पाखरू उडून गेलेलं. उडायच्या आधी ते आठवडाभर तरी कोशात असतं, आपण काचेत पाहिलंय. त्याच्या आधी अळी. तुम्ही मला विचारलंत त्याला पंधरा दिवस झालेत. म्हणजे तुम्ही विचारलंत त्या दिवशी ती या पानामागेच होती, खात होती.

संजयला फोन करून बोलावलं. तो आला, मी पान धरलं, भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. "तू तं म्हणली व्हतीस एकबी न्हाई," तो म्हणाला. मी सांगितलं, मी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं तो ओरडेल. त्यानं भिंग खाली घेतलं.

"म्हंजी आबा, अळ्या न्हाईत असं समजूनच गेले?"

मी हो म्हणाले.

तो बांधावर जाऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं ड्रोनवाल्याला फोन लावला. "दादा, उद्या येऊ नका. न्हाई, औषध नको. आमच्या उसात खाणारं आलंय." त्यानं फोन बंद केला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाहीची लोकर डोळ्यांत गेली, मग आणखी पुसले.

हा ऊस वाचेल की काजळेल, मला माहीत नाही. अळ्या थोड्या आहेत आणि मावा फार आहे. आठ दिवस थांबायचं, आणि रोज पानं उलटायची, असं आम्ही ठरवलं आहे. बळीरामतात्यांना काय सांगायचं ते संजय बघेल.

पण तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. आहेत, आबा. तुम्ही विचारलंत तेव्हाही होत्या.